तू फळीबद्दलही बोलला होतास

उत्तम,

परवा तुझ्या जलदानविधीला परभणीला आलो होतो. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची इंजिनं तू कधीकाळी दुरुस्त केलीस ते सगळे आले होते, पालमकडचे, सोनपेठकडचे, कुठकुठचे. ती दाटी बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. माझ्या वेळी एवढी माणसं येतील का, हे आलं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही. पण आता तरी तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

तुझ्या मुलानं मला पुढं बोलावलं. म्हणाला, "काका, बाबांचे तुम्ही सगळ्यांत जुने सोबती. दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. "उत्तमसारखा कान मी दुसऱ्या कुणाला पाहिला नाही," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांनी माना हलवल्या. शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. बोललो ते खरंच होतं. पण त्याच्या पुढचं जे बोलायला हवं होतं, ते गिळलं. अर्धं खरं सांगून खाली बसायची माझी सवय तुझ्याइतकी कुणाला माहीत असणार?

तो कान आण्णांनी ओळखला, हाच माझा पहिला राग. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मळ्यातल्या विहिरीवर डिझेल इंजिन बसवलं. गावातलं पहिलं. तुझे वडील आमच्याकडे सालदार होते. तू आणि मी एकाच वयाचे, विशी ओलांडलेले. आण्णांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी इंजिनासमोर उभं केलं. लांब पेचकसाचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. "काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं. मला नुसता खडखडाट ऐकू आला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "आण्णा, आत एक जण लंगडायलाय." इंजिन खोललं तर एक बेअरिंग झिजलेलं निघालं. त्यानंतर इंजिन कुरकुरलं की आण्णा ओसरीवरून हाक मारायचे ती तुझ्या नावानं. मी त्याच ओसरीवर बसलेला असायचो.

घर माझं होतं, मळा माझा होता, आण्णांचं आडनाव माझं होतं. तुला ओसरीच्या पायरीवर थांबावं लागायचं आणि तुझा कप वेगळ्या कोनाड्यात असायचा. तरी हेवा मी करायचो. लिहिताना हात अडतो, पण तसंच होतं. जेवताना आण्णा तुझ्याबद्दल बोलायचे. माझी बायकोसुद्धा म्हणायची, उत्तमभाऊंनी हात लावला की यंत्राचा ताप उतरतो. मी ताटावरून उठायचो.

आता त्या नावेचं सांगतो. तुला ते पाठ आहे. पण गावाला जे पाठ आहे ते वेगळं आहे.

पावसाळ्यात गोदावरी भरली की आपलं गाव सोनपेठच्या बाजारापासून तुटायचं. बांबूनं रेटायची एक लाकडी होडी, आणि पाणी चढलं की तीही बंद. गावानं वर्गणी करून मोटरीची नाव घ्यायचं ठरवलं. त्यासाठी कमिटी झाली, आण्णा प्रमुख. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीला तेव्हा चार वर्षं झाली होती. आपल्या गावात काही जळलं नव्हतं, पण बोलणं तुटक झालं होतं. या नावेच्या निमित्तानं दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एका पारावर बसली. आण्णांना त्याचंच जास्त कौतुक होतं.

येलदरीच्या धरणावर एका ठेकेदाराच्या मुलानं शौकासाठी मुंबईहून वेगाची मोटरबोट आणली होती. हौस फिटली, आता विकायला काढली होती. आण्णांनी आपल्या दोघांना बघायला पाठवलं. उन्हाळ्याची अखेर होती. परभणीहून एसटीनं झरी, जिंतूर करत आपण पोचलो तेव्हा धरणाचं पाणी डोळ्यांत टोचत होतं आणि काठावर ती लाल नाव उभी होती. मी बघताक्षणी भाळलो.

तू नाव बघितलीच नाहीस. मागं टांगलेल्या इंजिनावर सरळ तळवा ठेवलास.

"मालक, हे कोमट हाय. आमी यायच्या आधी चालवलं का?"

"जरा फिरवून आणलं," ठेकेदाराचा मुलगा म्हणाला.

"मग गार होऊ द्या. आमी बसतो."

"अहो मिस्त्री, आत्ता एका झटक्यात सुरू होईल."

"गरम इंजिन कुनाच्याबी झटक्यात सुरू होतंय. गार झाल्यावर किती रुसतंय ते बघायचंय."

तू बाभळीखाली जाऊन बसलास. मी तोवर नावेभोवती फेऱ्या मारल्या, बाजारात बैलाभोवती मारतात तशा. रंगावरून हात फिरवला, गाद्या दाबून पाहिल्या. दोन प्रश्न विचारले. त्या मुलानं पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याच्या वेळी तो तुझ्याकडं बघत होता.

मग तू उठलास. तिन्ही प्लग काढलेस, एकेका भोकावर अंगठा धरलास आणि मला दोरी ओढायला लावलीस. तिन्ही भोकांनी अंगठा सारख्याच जोरानं उडवला. इंजिनाच्या खालच्या पायाचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब तळहातावर घेतलास, चोळलास, हुंगलास. आत पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं, असं मला समजावलंस. मी विचारलं नव्हतं. पंखा हातानं सावकाश फिरवून बघितलास, कुठं वाकलाय का. नाव पाण्यात गेल्यावर इंजिनातून मागं बारीक धार पडते, तिच्यात बोट धरून बसलास, धार कोमट आहे की कढत ते बघत.

आणि मग ती पळाली. नावेचं तोंड वर उचललं गेलं, माझी टोपी उडाली. मी पन्नाशीचा माणूस, पोरासारखा ओरडलो. मागं वळून पाहिलं तर तू पेचकस इंजिनाला लावून, डोळे मिटून बसला होतास. एवढं मोठं धरण, एवढा वेग, आणि तू त्यातलं काही बघत नव्हतास. मला वाटलं, या माणसाला माझ्यापेक्षा जास्त मजा येतेय आणि ती कसली ते मला कधी कळणार नाही.

परतल्यावर ठेकेदाराचा मुलगा तुला म्हणाला, "मिस्त्री, आमच्याकडं येता का? यंत्रं भरपूर आहेत." मला त्यानं फक्त पाणी आणायला सांगितलं नाही, एवढंच.

नाव काठावर ओढल्यावर तू पेचकसाच्या लाकडी मुठीनं ती ठोकत गेलास. पुढून आवाज कोरडा, टणटणीत. इंजिन टांगलेल्या मागच्या फळीशी आल्यावर आवाज बसला, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. इंजिनाचा पाय धरून तू वर-खाली केलास. मग कोपऱ्यापाशी वाकलास आणि नखानं रंग खरवडलास. सगळ्या नावेत तेवढ्याच जागी रंग नवा होता. तू माझ्याकडं पाहिलंस, बोलला काहीच नाहीस. विकणाऱ्यासमोर खोट काढायची नाही, ही आण्णांचीच शिकवण. "कळवतो मालक," म्हणून आपण निघालो.

येताना झरीला गाडी थांबली. मी हॉटेलात आत बाकावर बसलो, तू नेहमीसारखा बाहेर उभा राहिलास. माझ्या बाकामागं खिडकी होती. तिच्या गजाला धरून तू मला जे सांगितलंस, ते आज अक्षर न बदलता लिहितो.

"दादा, नीट ऐका. इंजिन सोनं हाय. पर नाव घेऊ नका. मागची फळी आतून कुजलीय, वरून निसता फायबरचा लेप हाय. त्यात फळीच्या मानानं इंजिन लय मोठं. पुराच्या पान्यात घातली की फळीसकट इंजिन नदीत जाईल. निसतं इंजिन देत असतील तर घ्या, आपल्या लाकडी होडीला मी बसवून देतो. न्हाई तर सोडा."

"तो सुटं देणार नाही."

"मग सोडा. माझी लेक बाळंतपणाला परभनीत हाय, मी तिकडं आठ दिस थांबतो. तुमी आण्णाला सांगा."

"मला काहीच कळत नाही असं समजतोस का?"

"कळतंय की. म्हनून तर तुमच्यापाशी सांगायलोय," असं म्हणून तू हसलास.

त्या हसण्यात काही नव्हतं. मी त्यात वाटेल ते घातलं.

गावात दुसऱ्या दिवशी पारावर सगळे जमले. मी रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. नाव कशी पळते, विडी ओढून होईपर्यंत पैलतीर कसं गाठता येईल. मी नुकती सुरुवात केली, तेवढ्यात आण्णांनी हात वर केला.

"ते राहू दे दिगू. उत्तम काय म्हन्ला?"

कमिटीतले गणपतराव मोठ्यानं म्हणाले, "दिगंबररावाला विचारून काय करता आण्णा? त्याला उत्तमच्या हत्यारांचा डबा धरायला पाठवलं होतं!" पार हसला. आण्णाही हसले.

मी म्हणालो, "इंजिन सोनं हाय म्हन्ला."

"मग झालं," आण्णा म्हणाले.

मी थांबलो होतो, उत्तम. हे तुला कधी सांगितलं नाही. कुणी तरी विचारेल, आणि नावेचं काय म्हन्ला? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. कुणी विचारलं नाही. तुझ्या शब्दावर दुसरा प्रश्न विचारायची गावाला सवयच नव्हती. मी त्या सवयीच्या आड बसून राहिलो. नाव मला हवी होती हे खरं. पण त्याहून खरं हे, की एकदा तरी तुझा शब्द आण्णांसमोर खोटा पडावा, असं मला वाटत होतं. कुणी बुडावं असं मनात नव्हतं. तेवढा पुढचा विचारच केला नाही.

तू आलास तोवर सौदा झाला होता आणि नाव ट्रकमधून उतरून लिंबाखाली ठेवली होती. तू फळी दाबून बघितलीस.

"दादा, आण्णाला सांगितलं न्हवं?"

"सांगितलं."

"समदं?"

मी म्हणालो, "कमिटीनं ठरवलं."

तू फळीचा कोपरा नखानं पुन्हा खरवडलास. मग म्हणालास, "महिनाभर द्या. फळी काढून सागवानाची घालतो." पण मृग लागला होता, लोकांना घाई झाली होती. मी आण्णांच्या देखत, चारचौघांत म्हणालो, "तूच तर सोनं म्हन्लास. आता भितोस का?" तू आण्णांकडं पाहिलंस. आण्णा खुशीत होते, वर्गणीदारांना नाव दाखवत होते. तू लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करून आणल्यास, फळीला आवळल्यास आणि नाव पाण्यात घातलीस. चालवायलाही तूच बसलास. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाहीस. त्याचाही मी वेगळा अर्थ काढला, की याला मिरवायचंय.

आषाढ-श्रावण ती चालली. भादव्यातल्या मोठ्या पाण्यात, मधल्या धारेत, फळी निघाली. इंजिन गेलं, आणि मागून नाव भरली. आतली पाच माणसं तू एकेक करून उपड्या नावेला धरायला लावलीस, आणि खाली वळणावर कोळ्यांनी दोर टाकेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिलास. सगळे वाचले. मी काठावर होतो.

त्या संध्याकाळी पारावर आण्णांनी तुला विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "उत्तम, फळी बघितली न्हवतीस का रे?"

तू माझ्याकडं एकदा पाहिलंस. अंगावर अजून ओली बंडी होती तुझ्या. मग म्हणालास, "नदर चुकली, आण्णा."

मग गणपतराव म्हणाले, "युनिव्हर्सिटीला नाव पाहिजे ह्यांचं, आन फळी बघता येईना!" चार-पाच जण हसले. त्यात मी होतो. तुला तो आवाज ओळखता आला नसेल असं मी मानायचो. ज्याला इंजिनाच्या पोटातलं झिजलेलं बेअरिंग ऐकू यायचं, त्याला माझं हसणं ऐकू आलं नसेल?

पुढच्या उन्हाळ्यात तू घर मोडून परभणीला गेलास, दुकान टाकलंस. दुकान चाललं याचाही मला त्रास झाला, हे लिहून टाकतो.

आणि तुला वाटत असेल की आण्णा मला मिळाले, तर तसं झालं नाही. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्याजवळ मीच असायचो. तुझी जागा रिकामीच होती. पण ते विचारायचे एकच. "दिगू, उत्तमची नदर कशी चुकली रे? त्याची चुकत न्हाई." दर दोन-तीन दिवसांनी हेच. एकदा पेज भरवताना, एकदा कूस बदलून देताना. मी म्हणायचो, "होतं कधी कधी." ते मान हलवायचे. त्यांना पटत नव्हतं. उत्तर माझ्या तोंडात होतं, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर. दोन वाक्यं होती. ती दिली नाहीत. आण्णा ते कोडं घेऊनच गेले.

त्यानंतरच्या रब्बीच्या पेरणीला माझं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. तिघांनी हात टेकले. मी तुला निरोप धाडला नव्हता. कुणी तरी सांगितलं असेल. तू एसटीनं आलास, दुपारभर खपलास, इंजिन चालू केलंस. त्या दिवशी मी तुला घरात ये म्हणालो. तू म्हणालास, "हितं बरंय दादा, वारं हाय." पायरीवर चहा प्यालास. मी शेजारी बसलो. बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी काय बोललो? यंदा तुरीचा रंग बरा दिसतोय म्हणालो. तू म्हणालास, "हाव, बरा हाय." तू गेलास आणि मी पाण्याची धार बघत बसलो. तुझे उपकार मानावेत की तुझ्यावर चिडावं ते कळेना. माणसानं इतकंही चांगलं असू नये की समोरच्याला तोंड लपवायला जागा उरू नये.

परवा मांडव रिकामा झाल्यावर मी तुझ्या धुरपताबाईंपाशी बसलो आणि तुझ्याऐवजी त्यांना सगळं सांगितलं. त्या पदरानं तोंड पुसत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दादा, हे आमाला त्याच दिशी म्हाईत झालं होतं. मी लय भांडले त्यांच्याशी. म्हन्लं, जाऊन सांगा आण्णाला. तर म्हन्ले, आण्णाला एकच ल्योक हाय."

मी विचारलं, "आणि आण्णा गेल्यावर?"

"तवा म्हन्ले, आता दादा आपल्या तोंडानं बोलतील. दर साली म्हनायचे. नामविस्ताराची बातमी आली त्या दिशीबी पेढे वाटता वाटता म्हन्ले, दादा येतील बग औंदा."

मी त्या दिवशी परभणीतच होतो, उत्तम. मोंढ्यात, तूर विकायला. तुझ्या दुकानावरून गेलो. आत लोक होते, गुलाल होता, तू हसत होतास. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं गेलो.

त्या कमिटीतल्यांपैकी गावात आता तिघं उरलेत. काल तिघांच्याही घरी जाऊन सांगितलं. गणपतरावांना कमी ऐकू येतं, त्यांना ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं गल्लीनं ऐकलं. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "अरे, मग आता त्याला जाऊन काय सांगायचं आपण? गेला की तो." त्यांच्या सुना दारात येऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, त्याला नाही, तुम्हाला सांगायला आलोय. उत्तमची नजर चुकली नव्हती. येत्या रविवारी पारावर हे पुन्हा सांगणार आहे, आणि हा कागद तुझ्या मुलाच्या हाती देणार आहे. त्यानं तो कुणालाही वाचून दाखवावा.

आण्णांना सांगायचं मात्र माझ्याच्यानं राहून गेलं. मेल्यावर माणसं भेटतात असं तुम्ही मानत नाही, हे मला माहीत आहे. आम्ही मानतो. आमचं खरं निघालं तर आण्णा तुला सगळ्यांत आधी तेच विचारतील. माझ्याआधी तुला बघून त्यांना आनंद होईल, आणि खरं सांगतो, त्याचाही मला हेवा वाटतो आहे. त्यांनी विचारलं, उत्तम, तुझी नदर कशी चुकली रे, तर या खेपेला माझी लाज राखू नकोस.

तुझा
दिगंबर